पिवळी शाई संपली आणि काळे पत्र अडले

रविवार, 31 ऑक्टोबर 2021 ची संध्याकाळ होती. एसलिंगेनमधील भाड्याचे घर सोडण्याची नोटीस आम्हाला घरमालकांना पाठवायची होती. जर्मनीत अशी नोटीस ईमेलने देता येत नाही. ती कागदावर, स्वतःच्या हाताने केलेल्या सहीसह आणि महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत घरमालकांकडे पोहोचावी लागते. एक दिवस उशीर झाला तर आणखी एका महिन्याचे भाडे अंगावर पडते. रविवारी येथे दुकाने बंद असतात, आणि सोमवारी 1 नोव्हेंबरला आमच्या राज्यात सर्व संतांच्या सणाची सुट्टी होती. मंगळवारी सकाळी कामावर जाण्यापूर्वी पत्र रजिस्टर पोस्टाने रवाना करायचे, असे ठरवून मी प्रिंटर सुरू केला. त्याने दोन मिनिटे घरघर केली, कुरकुर केली आणि छोट्या पडद्यावर कळवले की पिवळी शाई संपली आहे.

पत्रात पिवळे असे काहीही नव्हते. चार ओळींचा काळा मजकूर, तारीख आणि खाली सहीसाठी सोडलेली जागा, एवढाच तो ऐवज होता. ‘फक्त काळ्या शाईत छापा’ हा पर्याय निवडून पाहिला, प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू केला, पिवळी कार्ट्रिज बाहेर काढून झटकली आणि परत बसवली. परंतु नवी पिवळी कार्ट्रिज मिळेपर्यंत तो काळे अक्षरही उमटवायला तयार नव्हता. शेवटी नवऱ्याने सुचवल्याप्रमाणे मी पत्र हाताने लिहायला बसले. जर्मन भाषेतील ते लांबलचक शब्द सुवाच्य अक्षरात, खाडाखोड न करता लिहिताना चार कागद वाया गेले. पाचवा पोस्टात पडला आणि वेळेत पोहोचलाही.

घरी प्रिंटर बाळगण्याची वेळच का यावी, असा प्रश्न पुण्यातील वाचकांना पडणे स्वाभाविक आहे, कारण 2018 पर्यंत ती माझ्यावरही आली नव्हती. सदाशिव पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचे दुकान होते. पेनड्राइव्ह दिला, पुढे व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली, की दोन मिनिटांत कागद हातात येत असे. ‘आधारची पाठपोट काढा’ एवढे सांगितले की दुकानातील काकांना पुढचे सांगावे लागत नसे. त्यांच्या यंत्रात शाई किती उरली आहे, ही चिंता त्यांची होती. आमचा हिशेब पानामागे एक-दोन रुपये मोजले की संपत असे. एसलिंगेनमध्ये छपाईचे दुकान आहे, परंतु ते घरापासून बसने वीस मिनिटांवर आहे, शनिवारी दुपारीच बंद होते, आणि कागदाची निकड मात्र नेमकी रात्री नऊ वाजता निर्माण होते. कागदही काही कमी लागत नाहीत. घरमालकाला द्यायच्या नोटिसा, शाळेच्या सहलीची संमतिपत्रे, ऑनलाइन मागवलेली वस्तू परत करताना खोक्यावर चिकटवायची चिठ्ठी, आणि आपल्या भारतीय पासपोर्टच्या नूतनीकरणाचा अर्ज, जो संगणकावर भरायचा असला तरी शेवटी छापून, फोटो चिकटवून आणि सही करूनच द्यावा लागतो. म्हणून येथे आल्यावर पहिल्याच महिन्यात आम्ही शाईचा प्रिंटर आणला. तो साठ युरोंच्या आत मिळाला, तेव्हा आपण व्यवहार चांगला केला असेच वाटले होते.

त्या व्यवहाराचा खरा अर्थ चार महिन्यांनी, पहिल्यांदा कार्ट्रिज विकत घेताना कळला. काळी, निळी, गुलाबी आणि पिवळी अशा चार कार्ट्रिजचा संच चाळीस युरोंना पडला. खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले वाचले तर काळ्या कार्ट्रिजमध्ये 3.4 मिलिलिटर आणि रंगीत प्रत्येकीत 2.4 मिलिलिटर शाई होती. चारही मिळून अकरा मिलिलिटरही भरत नाहीत. मुलीला ताप आला की आम्ही ज्या चमच्याने औषध देतो तो पाच मिलिलिटरचा आहे. म्हणजे चाळीस युरोंत आम्ही जेमतेम दोन चमचे रंगीत पाणी घरी आणले होते.

काळ्या कार्ट्रिजवर 150 पाने असा आकडा होता. माझे बाबा बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि नोंद ठेवण्याची सवय मला त्यांच्याकडूनच लागली आहे, त्यामुळे मी प्रिंटरच्या शेजारी एक वही ठेवली आणि त्यात तारीख, पानांची संख्या आणि कार्ट्रिज बदलल्याची नोंद करू लागले. पहिली काळी कार्ट्रिज 64 पानांत संपली आणि दुसरी 58 पानांत. कंपनी सरळसरळ खोटे लिहिते असा माझा समज झाला. तो चुकीचा होता, हे मला बऱ्याच उशिरा आणि वेगळ्याच वाटेने उमगले.

त्याआधी बाबांच्या प्रयोगाविषयी लिहायला हवे. 2019 च्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे तीन महिने राहायला आले होते. कार्ट्रिजची किंमत ऐकल्यावर बाबांनी पहिला प्रश्न विचारला, “अगं, मग रिफिल का करून घेत नाहीस?” अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात कार्ट्रिज भरून देणारी दुकाने त्यांनी पाहिली होती, आणि माझ्या धाकट्या काकांच्या घरी तर हे काम वर्षानुवर्षे इंजेक्शनच्या सिरिंजने होत असे. आम्ही शाईची बाटली मागवली, स्वयंपाकघरातील टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरली आणि बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून शल्यविशारदाच्या गांभीर्याने काळी कार्ट्रिज भरली. टेबलाच्या पांढऱ्या कडेवर पडलेला एक डाग सोडला तर शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. कार्ट्रिज हातात घेतल्यावर जड लागत होती. प्रिंटरने मात्र ती रिकामीच असल्याचे सांगितले, आणि तीन वेळा बसवूनही त्याचे मत बदलले नाही.

याचे कारण मला नंतर समजले. आमच्यासारख्या बऱ्याच प्रिंटरांमध्ये शाई प्रत्यक्षात मोजलीच जात नाही. शाई उडवणाऱ्या भागातून, म्हणजे प्रिंटरच्या डोक्यातून, किती थेंब उडाले आणि सफाईत किती शाई खर्ची पडली, याचा हिशेब यंत्र ठेवते आणि तो कार्ट्रिजवरच्या इवल्याशा चिपमध्ये लिहून ठेवते. हिशेब शून्यावर आला की कार्ट्रिज रिकामी ठरते. मग आत शाई उरलेली असो वा नव्याने भरलेली असो, तिची दखल घेणारे तेथे कोणी नसते. बाबांनी शाई भरली होती, खातेवहीत मात्र जमा दाखवली नव्हती. बँकेतल्या माणसाला हे लगेच पटले, पण आवडले नाही. अशा रिफिलवरून अमेरिकेत मोठा खटलाही झाला होता. प्रिंटर बनवणारी लेक्समार्क ही कंपनी आणि तिच्या टोनरच्या, म्हणजे लेझर प्रिंटरच्या कोरड्या भुकटीच्या, कार्ट्रिज पुन्हा भरून विकणारी इम्प्रेशन प्रॉडक्ट्स यांच्यातील त्या वादात 2017 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की कार्ट्रिज एकदा विकली की तिच्यावरचा कंपनीचा पेटंटहक्क संपतो. म्हणजे पेटंट दाखवून भरणाऱ्याला अडवता येत नाही. चिपला मात्र निकालपत्र वाचता येत नाही.

वेगळी वाट म्हटली ती 2020 च्या मार्चमध्ये उघडली. शाळा बंद झाल्या आणि मुलीच्या शिक्षिका दररोज सकाळी अभ्यासाची पाने ईमेलने पाठवू लागल्या. पुस्तकाच्या पानाचा फोनवर काढलेला फोटो असे त्यांचे स्वरूप असे, त्यामुळे कागदाचा पांढरा भाग राखाडी दिसे, कोपऱ्यात हाताची सावली पडलेली असे, आणि प्रिंटर ती सावलीसुद्धा इमानाने छापत असे. पहिल्या आठवड्यात कार्ट्रिज डोळ्यांदेखत आटली. मग मी प्रत्येक पान आधी स्कॅनच्या ॲपमधून काढून शुद्ध काळे-पांढरे करू लागले. त्यानंतर बसवलेल्या काळ्या कार्ट्रिजने 131 पाने दिली. वहीतला हा आकडा मी दोनदा तपासला. प्रिंटर तोच, कार्ट्रिज त्याच प्रकारची, आणि एरवी साठ पानांत दम तोडणारी ती आता दुपटीहून अधिक चालली होती. फरक एकच होता: आम्ही दररोज छापत होतो.

शाईच्या प्रिंटरच्या डोक्यात केसाहून बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून काही पिकोलिटरचे, म्हणजे अतिशय सूक्ष्म, थेंब कागदावर उडतात. शाईत बराच भाग पाण्याचा असतो, त्यामुळे यंत्र पडून राहिले की छिद्रांशी ती सुकू लागते. ती सुकू नये म्हणून प्रिंटर वेळोवेळी, विशेषतः सुरू होताना, चारही रंगांची शाई छिद्रांतून ओढून बाहेर टाकतो. सुरुवातीची ती घरघर याचीच असते. ओढलेली शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या बोळ्यासारख्या गादीत मुरते आणि तिचा कागदाशी कधीच संबंध येत नाही. पत्रात पिवळे अक्षर नसतानाही पिवळी कार्ट्रिज संपते ती अशी. एक रंग रिकामा झाला असता काळ्यात काम चालवू न देण्यामागे कंपन्यांचेही एक कारण आहे: कोरड्या वाटेने डोक्यात हवा शिरली तर ते कायमचे बिघडू शकते. कारण खरे आहे. त्याचा फायदा कोणाला होतो तेही खरे आहे.

खोक्यावरचा 150 हा आकडा ज्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार काढतात, त्याचा क्रमांक आयएसओ 24711 आहे. त्यात ठरावीक पाच पानांचा संच कार्ट्रिज संपेपर्यंत सलग, पुन्हा पुन्हा छापतात. आकडा खोटा नव्हता, पण तो एका बैठकीत छापणाऱ्याचा होता. आठवड्यातून दोन कागद काढणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घरी निम्म्याहून अधिक शाई छपाईसाठी नव्हे, तर छपाईची वाट पाहण्यात खर्च होत होती.

त्यात आमची आणखी एक भर होती, आणि ती अगदी अस्सल मराठी होती. काम झाले की बटण बंद करायचे, ही लहानपणापासूनची शिस्त आहे. जर्मनीत भिंतीवरच्या प्लगला बटणच नसते, म्हणून आम्ही मुद्दाम बटण असलेला एक्स्टेंशन बोर्ड आणला होता आणि रोज रात्री तो बंद करत होतो. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला तर तो डोके नेहमीच्या जागी नेऊन त्यावर टोपी बसवतो, ज्यामुळे शाई सुकत नाही. वीज थेट तोडली तर ही आवराआवर अर्धवट राहू शकते आणि पुढच्या वेळी सफाई अधिक जोरात होते. विजेचे दोन पैसे वाचवण्यासाठी आम्ही युरोंची शाई गादीला पाजत होतो.

पुण्यातील मावसभावाने टाकीचा, म्हणजे कार्ट्रिजऐवजी बाटलीतून शाई भरायचा, प्रिंटर घेण्याचा सल्ला दिला, आणि त्याच्यापुरता तो योग्यच आहे. एप्सन या कंपनीने असा प्रिंटर 2010 मध्ये आणला तो प्रथम इंडोनेशियात, कारण तेथील लोक आधीपासूनच बाहेर बाटल्या ठेवून नळ्यांनी शाई पुरवण्याची जुगाडे करत होते. आपल्याकडेही हे प्रिंटर आता घरोघरी दिसतात. बाटलीतील शाई कितीतरी स्वस्त पडते हे खरे, तथापि छिद्रे तीच आणि सुकणेही तेच. मावसभावाची मुले दर आठवड्याला प्रकल्पांची ढीगभर पाने छापतात आणि आम्ही दोन.

2022 च्या फेब्रुवारीत नव्या घरात आल्यावर आम्ही फक्त काळे छापणारा लेझर प्रिंटर घेतला. तो शाईच्या प्रिंटरच्या दुपटीहून महाग होता. त्यात शाईऐवजी टोनरची कोरडी भुकटी असते. ती उष्णतेने कागदावर वितळून बसते, आणि जी मुळातच कोरडी आहे ती सुकणार कशी? रंगीत काही हवे असेल तर छपाईच्या दुकानापर्यंत बसने जातो, आणि तशी गरज वर्षातून तीन-चार वेळाच पडते. बरोबर आलेला टोनर 700 पानांचा होता. 2024 च्या जूनमध्ये 612 व्या पानाला ‘टोनर कमी आहे’ अशी सूचना आली, तेव्हा मी तो बाहेर काढून आडवा धरला, चाळणी हलवावी तसा डावीकडे-उजवीकडे चार वेळा हलवला आणि परत बसवला. त्यानंतर 83 पाने निघाली आहेत, आणि वहीत ती नोंदवण्याचे काम आता मुलीकडे आहे.