टेबलापासून ६० सेंटिमीटर

‘पीएच ५ हा डॅनिश दिवा जेवणाच्या टेबलावर इतका खाली का टांगतात? डोळ्यांवर येत नाही का?’ हे वारंवार विचारलं जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आधी मापच सांगायला हवं.

टेबलाच्या फळीपासून दिव्याची खालची कड साधारण ६० सेंटिमीटरवर यावी. टेबल ७५ सेंटिमीटर उंच असेल तर ती कड जमिनीपासून १३५ वर येते. छत २८० वर असेल तर उरले १४५. त्यातून दिव्याची स्वतःची सुमारे २७ सेंटिमीटर उंची वजा केली की वायर ठेवायची ११८. पण वायर लगेच कापू नका. कुणाला तरी दिवा त्या उंचीवर धरायला सांगा, खुर्चीत बसा आणि समोरच्याचा चेहरा कडेखालून नीट दिसतो का ते पाहा. पाच सेंटिमीटर इकडेतिकडे चालेल.

एवढ्या खाली टांगूनही डोळे दिपत नाहीत, याचं श्रेय डॅनिश रचनाकार पाउल हेनिंग्सन यांच्या शेडना. त्यांनी १९२०च्या दशकात तीन शेडची रचना बसवली. शेडचा बाक लॉगरिदमिक सर्पिलावर, म्हणजे शंखासारख्या रुंदावत जाणाऱ्या वळणावर बेतलेला असतो, त्यामुळे उजेड पृष्ठभागावर आपटून मऊ होतो आणि बल्ब झाकलेला राहतो. बल्ब बनवणारे मात्र आकार सतत बदलत राहिले. म्हणून १९५८ मध्ये हेनिंग्सन यांनी लुई पोल्सन या दिव्यांच्या कंपनीसाठी पीएच ५ रेखाटला : कुठलाही बल्ब लावा, तो उघडा दिसता कामा नये. नावातला ५ म्हणजे मोठ्या शेडचा ५० सेंटिमीटर व्यास. आत लाल आणि निळ्या रंगाचे छोटे भाग आहेत, ते शोभेसाठी नाहीत. आपला डोळा पिवळ्या-हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो आणि लाल-निळ्याला कमी. ती तूट थोडी भरून काढण्याचा तो प्रयत्न आहे.

उजेडाचा मोठा भाग खाली पडतो, थोडा बाजूंना जातो. ताट, हात आणि चेहरे उजळतात. दिवा वर नेला की टेबलावरचा उजेड झपाट्याने घटतो, आणि मग लोक बल्बची वॅट वाढवत बसतात. खोलीभर उजेड हवा असेल तर कोपऱ्यात दुसरा दिवा लावा. हे काम पीएच ५ चं नाहीच.

बल्बमध्येच सर्वाधिक चुका होतात. होल्डर ई२७ चा, म्हणजे आट्यांचा असतो. आपल्याकडचा दोन पिनांचा बल्ब त्यात बसत नाही. दुधी काचेचा, २७०० केल्विनचा (म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचा), सुमारे ८०० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त असलेला घ्या. सीआरआय कमी असेल तर आमटी आणि भाजी फिकट दिसते. ज्या एलईडीचा निम्मा भाग जाड प्लास्टिकच्या मानेने व्यापलेला असतो, तो एकाच बाजूला उजेड टाकतो आणि काही शेड काळसर राहतात. डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) लावणार असाल तर बल्बवर ‘डिमेबल’ लिहिलेलं हवं आणि डिमरही एलईडीचा हवा, नाहीतर उजेड थरथरतो.

डेन्मार्कमध्ये पुष्कळ घरांत विजेची जागा खोलीच्या मध्यावर असते आणि टेबल बाजूला. तिथे वायर छतावरून ओढून टेबलाच्या मध्यावरच्या हुकात अडकवतात. आपल्याकडेही हेच करा. मात्र पीओपीच्या खोट्या छताला हुक मारू नका. वरच्या स्लॅबमध्ये अँकर बसवा. दिव्याचा भार कनेक्टरमधल्या तारांवर नको, वायरच्या पकडीवर हवा. शेड धातूच्या आहेत, म्हणून तिसरी वायर असेल तर अर्थिंग जोडाच. पंख्याच्या झोतात दिवा लंबकासारखा झुलतो आणि ताटावरच्या सावल्या हलतात. पंखा तरी सरकवा, नाहीतर टेबल.

जुना दिवा घेताना आतून रंग पाहा. आतला पांढरा रंग मुळात बिनचकाकीचा असतो. कुणी वरून चकचकीत रंग मारला असेल तर शेडमध्ये बल्बचं प्रतिबिंब दिसतं आणि सगळी रचना फुकट जाते. असा दिवा स्वस्तातही घेऊ नका. साफसफाईसाठी मेन स्विच बंद करा, बल्ब गार होऊ द्या, कोरड्या मऊ फडक्याने धूळ काढा. फोडणीचा तेलकट थर बसला असेल तर कोमट पाण्यात चार थेंब भांड्याचं साबण, फडकं घट्ट पिळून. घासणी अजिबात नको.