सांभाळायला घेतलेले मूल

राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेच्या अर्जाला इतर कागदांबरोबर एक फोटो जोडावा लागतो. मुले आणि त्यांना सांभाळणारे माणूस राहत्या घरासमोर उभे आहेत, असा तो हवा असतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या तालुक्यात असे अर्ज भरून देतो आणि या फोटोपाशी दर वेळी अडखळतो. मागच्या उन्हाळ्यात दोन नातवंडांना घेऊन आलेल्या एका आजीने आपल्या पत्र्याच्या खोलीसमोर उभे राहायला साफ नकार दिला. शेजारच्या स्लॅबच्या घरासमोर फोटो काढा, असा तिचा आग्रह होता. मदत मिळायची तर पत्रा दिसलेलाच बरा, हे मी तिला समजावत होतो आणि समजावताना माझे मलाच ओशाळल्यासारखे होत होते.

ती आली होती ती मुळात वेगळाच प्रश्न घेऊन. "मास्तर, पोरांना बोर्डिंगात घालता येईल का?" बोर्डिंग म्हणजे तिच्या मनात बालगृह होते. लेक आजारपणात गेलेली, जावई दुसरे लग्न करून दूर राहिलेला, आणि शेतमजुरीवर तीन तोंडे भरत नव्हती. बालगृहात दाखल होणारे प्रत्येक मूल अनाथच असते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्यांतल्या अनेकांची आई, आजी किंवा काका हयात असतात आणि त्यांची मायाही आटलेली नसते. कमी पडलेला असतो तो पैसा, किंवा मूल घरी असताना त्याच्याकडे पाहणारे माणूस. अशा वेळी मुलाला घराबाहेर काढण्याऐवजी घरालाच थोडा टेकू द्यावा, हा बालसंगोपन योजनेमागचा विचार आहे. 2023 मध्ये या योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले आणि एका मुलामागे दरमहा मिळणारी रक्कम 1100 रुपयांवरून 2250 रुपये झाली. ती मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत मिळू शकते. मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक असे सगळे जमवता जमवता त्या आजीचे चार दिवसांचे रोज बुडाले. शिवाय पैसे महिन्याच्या महिन्याला येतीलच याचा भरवसा नसतो. माझ्या ओळखीच्या एका घरी सात महिन्यांचे एकदम आले, तोवर किराणा उधारीवर चालला होता.

तरीही दोन मुलांचे मिळून साडेचार हजार म्हणजे त्या घरात मुले राहतील की जातील, हे ठरवणारी रक्कम होती. फोटो अखेर पत्र्यासमोरच निघाला. निघताना आजीने विचारले, "आता मी आहे तोवर ठीक. माझ्यामागं यांचं कोण?"

या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, पण आपल्या बोलण्यात त्यासाठी शब्द नाही. दत्तक आपल्याला ठाऊक आहे, बालगृह ठाऊक आहे. या दोहोंच्या मधल्या गोष्टीला सरकारी मराठीत प्रतिपालकत्व म्हणतात, आणि तो शब्द मी आजवर कोणाच्याही ओसरीवर ऐकलेला नाही. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 44 नुसार बाल कल्याण समिती, म्हणजे आधाराची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती, एखादे मूल रक्ताचे नाते नसलेल्या कुटुंबात ठरावीक काळासाठी सांभाळायला देऊ शकते. भावंडे शक्यतो एकाच घरी ठेवायची, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर जन्मदात्यांना भेटू द्यायचे, आणि ते मुलाला सांभाळण्याजोगे झाले की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकते, असे त्यात सांगितले आहे. मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या योजनेतून अशा कुटुंबाला एका मुलासाठी दरमहा 4000 रुपयांची तरतूद आहे.

परक्याचे मूल घरात वाढवणे आपल्याला नवे नाही, असे कोणी म्हणेल. मामाकडे शिकायला राहिलेली, वार लावून जेवलेली माणसे आमच्या आधीच्या पिढीत घरोघर होती. पण त्या आठवणी सांगणारे बहुधा पुढे शिकून मोठे झालेले असतात. मामीच्या घरी पहाटेपासून शेणकूर आणि धुणीभांडी करून शाळा सुटलेली मुलगी आठवणी लिहीत बसत नाही. म्हणून समितीने दर महिन्याला त्या घरी जाऊन मुलाची पाहणी करावी, हे कायद्यातले कलम मला पैशाच्या तरतुदीहूनही मोलाचे वाटते. ते किती पाळले जाते, हा प्रश्न वेगळा.

प्रतिपालकत्वाच्या 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार आता 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळता येते (एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही), आणि त्याच मुलाला दत्तक घेण्यासाठी पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे ते आता दोन वर्षांवर आले आहे. हा दुसरा बदल मला अर्धाच पटतो. सहा वर्षांपुढच्या मुलाला दत्तक घ्यायला फारसे कोणी येत नाही, त्याला यातून कायमचे घर मिळाले तर आनंदच आहे. पण दत्तकाची रांग टाळण्याची मागची वाट म्हणून लोक इकडे वळले, तर आई बरी होऊन मुलाला न्यायला आली त्या दिवशी त्यांचा हात सुटणार नाही.

मी गावात दोन घरी हा विषय काढून पाहिला. पहिल्या घरी "पुढे नावावर होईल का?" एवढाच प्रश्न आला आणि बोलणे तिथेच थांबले. दुसऱ्या घरच्या काका-काकूंची मुले मोठी होऊन पुण्याला गेलेली आहेत. मूल परत द्यावे लागेल, हे मी त्यांना आधीच सांगितले. काका बराच वेळ गप्प राहिले. पुढच्या महिन्यात जिल्ह्याच्या ठिकाणी बाल संरक्षण कक्षात जाऊन नीट चौकशी करायची, असे आमचे ठरले आहे. मी उठताना काकूंनी एवढेच विचारले की, मूल आले तर त्याने आपल्याला काय म्हणून हाक मारायची.