येळवशीचा गोली

नांदेडला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. फुटबॉलमध्ये मी शिरलो तो कागदांमुळं. आमच्या भागातल्या क्लबची पोरं दर पावसाळ्याच्या तोंडाला दुकानावर यायची. जन्मदाखला, आधार, बोनाफाईड, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, सगळ्याच्या तीन-तीन प्रती. पैसे नंतर. ती उधारी फुगली तेव्हा वसुलीसाठी मैदानावर गेलो. उधारी काही निघाली नाही, उलट त्या दिवशी चेंडूत हवा भरायचे पैसेही मीच दिले. तेव्हापासून मी क्लबचा मॅनेजर. पोरं मामा म्हणतात.

क्लब म्हणजे काय, तर गोदावरीकडच्या उतारावरचं एक मैदान, दोन जाळ्या (एक फाटकी) आणि वीस-बावीस पोरं. वर्षभर एकत्र खेळतात. पण सुब्रतो कप आला की आमचा क्लब मोडतो. कारण ही स्पर्धा शाळांची. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावानं १९६० पासून चालते. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, आणि त्यातून जो उरेल तो दिल्लीला. सतरा वर्षांखालच्या गटात आमची पोरं चार शाळांत वाटली जातात आणि जिल्ह्याला एकमेकांच्याच नडग्या फोडतात. संध्याकाळी परत एकाच गाड्यावर भजी खातात.

२०२४ ला जमून आलं. आमची नऊ पोरं एकाच शाळेत निघाली. तिथले क्रीडाशिक्षक भूगोलही शिकवतात, त्यांना वेळ नव्हता. म्हणाले, "तुम्ही चला सोबत. फाईल मात्र तुमच्याकडं." फाईल मी अशी केली की लग्नपत्रिका झक मारेल. प्लास्टिकचे कप्पे, नावांच्या चिठ्ठ्या, कागद मिळतील तेवढे सगळे लावले. जाड फाईल बघितली की साहेब लोक उघडत नाहीत, हा माझा पंचवीस वर्षांचा धंद्यातला अनुभव.

जिल्हा जिंकलो. विभागाला लातूर.

इथं थोडं विषयांतर. आमच्याकडं फुटबॉल नाही असं पुण्या-मुंबईचे लोक फार सहज बोलतात. कोल्हापूरचं कौतुक मलाही आहे, पेठापेठांच्या, तालमीतालमींच्या टीम, शाहू स्टेडियम भरतं, सगळं मान्य. पण आम्ही ज्या हैदराबाद संस्थानातून आलो, त्या हैदराबादच्या सिटी पोलिसांच्या संघानं १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप उचलून नेला होता. त्यांचे कोच रहीम साहेब, तेच पुढं भारताचे. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेला आणि पुढच्याच महिन्यात रहीम साहेबांचा भारतीय संघ मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. वाटणीत आम्हाला जिल्हे मिळाले, फुटबॉल तिकडंच राहिला असं मी पोरांना सांगतो. पोरं म्हणतात, मामा, पंप द्या.

तर लातूर. लोहा, अहमदपूर, चाकूर, साडेतीन तास एसटीत. पाऊस असा की वायपरचा उपयोग नाही. २०१६ ला ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या मैदानावर सकाळी आम्ही बादल्यांनी पाणी उपसत होतो. वर काळी माती. तिच्यावर दहा पावलं चाललं की बुटाखाली चिखलाचा दुसरा बूट तयार होतो. पोरं घराच्या किल्ल्यांनी स्टड कोरत बसली होती.

आणि तिथं आमची जाड फाईल उघडली गेली.

समोरच्या टीमच्या सरांनी हरकत घेतली आमच्या गोलीवर, म्हणजे गोलकीपरवर. पोरगा उंच, मिशी फुटलेली, हरकत येणारच होती. मी निर्धास्त. आधारवर १ जानेवारी २००८. शाळेत १ जून २००८. म्हणजे १ जानेवारी २००८ किंवा त्यानंतरचा जन्म, या अटीत दोन्ही बसतात. (आधारवाल्यांना नुसतं साल सांगितलं की १ जानेवारी पडते, आणि १ जून ही तर महाराष्ट्रातल्या अर्ध्या गुरुजींची लाडकी तारीख. माझ्या वर्गात आम्ही अकरा जण १ जूनचे होतो.) साहेबांनी पान उलटलं. पुढच्या कप्प्यात गावाकडचा जन्मदाखला. २७ डिसेंबर २००७.

तो दाखला मीच लावला होता. मीच त्याच्या तीन प्रती काढल्या होत्या. दिवसाला हजार कागद हाताखालून जातात, काचेवर ठेवायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं. वाचत कोण बसतो?

पाच दिवस. पाच दिवसांनी पोरगा म्हातारा ठरला. साहेब वाईट नव्हते, म्हणाले, "माझ्याही हातात काही नाही हो. जन्मदाखला असला की बाकीचे कागद बाजूला." बरोबरच होतं त्यांचं. गोलीनं ग्लोव्हज काढले. मनगटाचा पट्टा तुटलेला, त्यानं तिथं सायकलच्या ट्यूबची चकती कापून चढवली होती. ती चकती काढून त्यानं आमच्या लेफ्ट बॅकच्या मनगटावर चढवली, वर खेचून पाहिली, आणि काही न बोलता गोलच्या मागं जाऊन उभा राहिला.

लेफ्ट बॅक म्हणजे मूळचा कबड्डीचा. चेंडू आला की आधी मिठी मारायचा आणि मग विचार करायचा. पण पहिल्या हाफमध्ये त्यानं तीन वाचवले. मागून गोली सारखा चालूच, "डावीकडं सरक... अजून... पोस्टला हात लाव." लाइनमननं त्याला दोनदा हटवलं. तो चार पावलं मागं जायचा आणि पुन्हा यायचा.

गोल कसा झाला ते सांगतो, कारण तो अजून डोळ्यापुढून हलत नाही. दुसऱ्या हाफला दहाएक मिनिटं उरली होती. लांबून आलेला चेंडू, साधा, कुणाच्याच नावाचा नाही. गोली मागून ओरडला, "निघ! निघ! तुझाय!" तो निघाला. कोरड्या मैदानावर चेंडू सरळ त्याच्या हातात आला असता. पण पेनल्टी स्पॉटच्या अलीकडं आम्ही सकाळी उपसलेलं डबकं पुन्हा भरलं होतं. चेंडू त्यात पडला आणि थांबला. उडाला नाही, सरकला नाही, तिथंच. आमचा कीपर पुढं घसरत गेला, चेंडू त्याच्यापासून हातभर लांबच राहिला, आणि त्यांच्या एका बारक्या पोरानं येऊन बुटाच्या टोकानं तो बाजूनं ढकलला. चेंडू इतका हळू जात होता की गोली जाळीमागून त्याच्यासोबत चालत गेला.

एक-शून्य. दिल्लीचा कप आमच्यासाठी लातुरात संपला.

परतीच्या गाडीत अहमदपूरपर्यंत कुणी बोललं नाही. मग गोलीच म्हणाला, "मामा, निघ म्हणलं ते चुकलं माझं." मी म्हणालो, चूक माझ्या झेरॉक्सची. लेफ्ट बॅक झोपेतनं म्हणाला, "गप बसा की बे दोघं."

पुढं आठवड्यानं गोलीची माय दुकानावर आली. लोहा तालुक्यातल्या गावात असते, पोरगा शिकायला सख्ख्या मामाकडं नांदेडला. तिला कुणीतरी सांगितलं होतं की तारखेमुळं पोरगं बाहेर बसलं. म्हणाली, "दादा, ह्यो येळवशीला झालेला हाय. सगळं गाव शिवारात गेलतं. आंबील, भज्जी, उंडे, समदं करून डोक्यावर दिलं आन् मला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात न्यायला गावात गडी न्हवता. सासूनं सोडवलं."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. मराठवाड्याबाहेरच्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. त्या दिवशी आमच्याकडं गावंच्या गावं कुलूप लावून रानात जेवायला जातात. दुकान बंद झाल्यावर मी जुनं पंचांग काढलं. त्या सालची मार्गशीर्ष अमावस्या ८ जानेवारी २००८ ला होती. मंगळवार. दाखल्यावर २७ डिसेंबर कुणी, कशावरून लिहिलं, देव जाणे. मायची तारीख धरली तर पोरगा आठवडाभर राखून अटीत बसत होता.

पंचांगाचीही मी एक झेरॉक्स काढली. कशासाठी काढली ते अजून कळलेलं नाही. दाखला दुरुस्त करायचा तर ॲफिडेव्हिट, अर्ज, चकरा. आणि तो होईस्तोवर वयोगट उलटून जाणार. फाईलच्या शेवटच्या कप्प्यात ती प्रत आहे.

३० डिसेंबरला येळवस होती. गोलीनं मला रानात बोलावलं. कडब्याची कोपी, आत पांडव म्हणून मांडलेले, चुन्यानं पांढरे केलेले दगड, हरभऱ्याच्या कडेनं पसरलेली घोंगडी. पोरं आधीच आली होती. ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या एका तुकड्यात त्यांनी दोन बाटूकाच्या पेंढ्या रोवून गोल केला होता आणि लेफ्ट बॅक पेनल्टी मारत होता. गोली अनवाणी, हातात तेच ग्लोव्हज, ट्यूबच्या चकतीसह.

मी म्हणालो, "आज वाढदिवस की रे तुझा."

"कोणता, मामा?" म्हणाला, आणि डावीकडं झेपावला.

चेंडू उजवीकडून गेला. तो तुरीतनं आणायला मलाच जावं लागलं, कारण आंबिलीचा तांब्या घेऊन माझ्याच बाजूला उभी असलेली त्याची माय म्हणाली, "दादा, तेवढा आणा न्हवं."