दोन ऑक्टोबरचं सूत

अण्णांचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते.

"ताई, आपल्या गोडाऊनला गांधी जयंतीचं सूत किती किलो पडलंय, तेवढं बघून सांगा की ओ."

अण्णा थट्टेखोर आहेत, पण महिनाअखेरीला ते थट्टा करत नाहीत. हात धुतले आणि लॅपटॉप उघडला. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत त्यांचे टॉवेलचे माग आहेत आणि हिशेब माझ्याकडे असतो. कारखान्यात नवीन लागलेल्या पोरानं सुताचा स्टॉक हौसेनं एक्सेलमध्ये भरला होता. 'काउंट' या रकान्यात वरपासून खालपर्यंत दोन ऑक्टोबर, दोन ऑक्टोबर, दोन ऑक्टोबर. मधे चवीपुरता फेब्रुवारी.

सोलापुरात हे फोडून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. २/१० म्हणजे दहा काउंटचे दोन धागे एकत्र पिळून केलेलं सूत, २/२० म्हणजे वीस काउंटचे दोन. एका पौंडात ८४० वारांच्या जितक्या लड्या बसतात तितका काउंट. आकडा मोठा तितकं सूत बारीक. आमच्याकडचा टॉवेलचा सगळा हिशेब या तिरक्या रेघेवर चालतो. आणि तिरकी रेघ दिसली की एक्सेलला तारखेशिवाय दुसरं काही सुचतच नाही. २/१० झाला दोन ऑक्टोबर. २/२० ला विसावा महिना कुठून आणणार? पण म्हणून तो हार मानत नाही, ओढूनताणून फेब्रुवारी बसवतोच.

सुताच्या वाट्याला नेमकी गांधी जयंतीच यावी, याचं मला अजून हसू येतं. पोराला मात्र हसू येत नव्हतं. त्यानं आपल्या अकलेनं दुरुस्ती करून पाहिली होती. तारीख नको ना, मग साधा नंबर करू, म्हणून त्यानं फॉरमॅट बदलला, तर दोन ऑक्टोबरच्या प्रत्येक ओळीत ४५५६७. "मॅडम, फाईल हॅक झाली," तो मला हळूच म्हणाला. अण्णांना ऐकू जाऊ नये म्हणून.

हॅक वगैरे काही नव्हतं. एक्सेल तारीख म्हणून काही ठेवतच नाही, नुसते दिवस मोजतो. १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस. तिथून मोजत आलं की २ ऑक्टोबर २०२४ हा ४५५६७ वा. या मोजणीतही एक गंमत आहे. तिच्यात साठावा दिवस २९ फेब्रुवारी १९०० आहे, आणि असा दिवस जगात कधी उगवलाच नाही. शतकाच्या वर्षाला ४०० नं भाग जात असेल तरच ते लीप वर्ष. १९०० ला जात नाही. ही चूक १९८३ च्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या प्रोग्रामची. मागून आलेल्या एक्सेलनं ती मुद्दाम तशीच ठेवली, कारण लोटसमधल्या तारखा इकडे आणल्यावर एक दिवसानं सरकल्या असत्या. सासूबाईंच्या हातच्या आमटीत मीठ जास्त पडतं हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण आता कमी मिठाची आमटी केली तर सासरेच विचारतील, आज काय बिघडलं म्हणून. तसंच ते.

आमच्या नात्यात एक मावशी आहेत. तुम्ही नुसतं "नव्या पेठेत निघालेय" म्हणा, की त्यांचं सुरू होतं: साडी घ्यायला ना, अगं मग त्या कोपऱ्यावरच्या दुकानात जा, माझं नाव सांग. तुम्ही निघालेल्या असता दाताच्या डॉक्टरकडे. मावशींचा हेतू वाईट नसतो. एक्सेलचाही नसतो. सोलापूरचा एसटीडी कोड ०२१७ टाइप करा, तो पुढचं शून्य पुसून २१७ ठेवतो; रिकामं शून्य कशाला बाळगायचं? आधारचे बारा आकडे टाका, मधे दशांश चिन्ह आणि मागे ई अधिक अकरा अशी शेपटी लावून दाखवतो. सोळा आकडी कार्ड नंबर टाकला तर त्याहून वाईट. त्याला पंधराच आकडे नीट सांभाळता येतात, सोळाव्याच्या जागी तो शून्य ठेवून देतो. हे शून्य मागाहून फॉरमॅट बदलून परत मिळत नाही. गेलं ते गेलं.

यात आपण एकटे नाही, एवढंच समाधान. मार्च१, सेप्ट१ अशी नावं माणसाच्या काही जनुकांना होती. शास्त्रज्ञांच्या तक्त्यांतही एक्सेल त्यांच्या तारखा करत राहिला. शेवटी २०२० साली, नावं ठरवणाऱ्या समितीच्या नव्या नियमांबरोबर, जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर झालं. मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे सुताचं नाव बदलायचं म्हणताय?"

मग त्यांनी मला मागाजवळ नेलं. नव्या मागावर प्रत्येक उभ्या धाग्याला एक बारीक पत्री पिन लटकवलेली असते. धागा तुटला की पिन खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. "याला कळत काहीच नाही," अण्णा ओरडून म्हणाले, कारण तिथं ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, "पण हा थांबतो. तुमचं ते शहाणं, थांबत नाही." मला यावर उत्तर सुचलं नाही.

घरात वायफायचं दुखणं आहे, पण ते तरी उघड बोंब मारतं. रोज पाऊणच्या सुमाराला मुलाचा ऑनलाइन क्लास गोठायचा. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. एकदा वायर बदलली, एकदा उन्हाळ्याला दोष दिला. एप्रिलात सोलापुरात उन्हाळ्याला दोष दिला की कोणी उलट बोलत नाही. मीही कपाटावरचा राऊटर काढून पंख्याखाली ठेवला. फरक शून्य. मग एका रविवारी सासरे लवकर जेवले आणि नेट साडेअकरालाच गेलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. राऊटरमागच्या भिंतीपलीकडे मायक्रोवेव्ह आहे, त्यात सासऱ्यांची आमटी गरम होते. मायक्रोवेव्ह आणि आमचं वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, आणि मायक्रोवेव्हचा आवाज मोठा. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं तर आमटीचं आणि क्लासचं भांडण मिटलं, पण या लहरी आमच्या दीड हात जाडीच्या दगडी भिंती ओलांडेनात, माडीवर नेट पोचेना. आता क्लास खाली, आमटी खाली, आणि माझे हिशेब माडीवर मोबाइलच्या नेटवर.

अण्णांच्या शीटचं औषध सोपं होतं. सूत लिहिण्याआधी एक वरचा स्वल्पविराम (') मारायचा, म्हणजे एक्सेल समजतो की हे जसंच्या तसं ठेवायचं. पोराला ते इतकं आवडलं की विचारू नका. पुढच्या महिन्यात अण्णांचा पुन्हा फोन. "ताई, गोडाऊन भरलेलं आहे आणि कॉम्प्युटर म्हणतो शून्य किलो." पाहिलं तर पोरानं काउंटबरोबर किलोंनाही स्वल्पविराम लावले होते. जसंच्या तसं ठेवलं की तो आकडा राहत नाही, अक्षरं होतात, आणि बेरीज अक्षरांना हातही लावत नाही. खूण एकच: आकडे डब्यात उजवीकडे टेकून बसतात, अक्षरं डावीकडे. आमच्या पोराचे सगळे किलो डावीकडच्या भिंतीला ओळीनं टेकलेले. कोपऱ्यात हिरवे त्रिकोण उगवले होते, पण ती डिझाइन असेल असं त्याला वाटलं.

किलो सरळ केले, बेरीज आली. काउंटपुढचा स्वल्पविराम ठेव, किलोपुढचा काढ, असं दोनदा बजावलं. त्यानं मान डोलावली.

परवा बिलं आणायला गोडाऊनला गेले होते. सुताची खोकी छतापर्यंत रचलेली, प्रत्येकावर जाड काळ्या स्केचपेननं काउंट लिहिलेला. अक्षर पोराचं. जवळ जाऊन बघितलं तर प्रत्येक २/१० च्या आधी, वरच्या बाजूला, नीट एक स्वल्पविराम.