उत्तराखाली तारीख

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा मी आधी माळ्यावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला. त्यात लग्नपत्रिका आहेत. १९८४ ते १९८७ या वर्षांत ठाण्याच्या नौपाड्यात आणि चरईत आमच्या ओळखीच्या घरांत जी लग्ने झाली, त्यांच्या पत्रिका आम्ही पाच मित्रांनी गोळा केल्या, कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या केल्या आणि त्यांवर प्राण्यांविषयीचे प्रश्न लिहून मधल्या सुट्टीत त्यांची देवघेव केली. गोट्यांच्या डावासारखाच हिशेब होता. उत्तर आले तर चिठ्ठी जिंकली. नाही आले तर आपल्याजवळची एक गमावली.

पहिल्याच महिन्यात भांडण झाले, ते नाग दूध पितो की नाही यावरून. दोन्ही पक्षांकडे चिठ्ठ्या होत्या आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर ठाम उत्तर होते. विज्ञानाच्या बाईंकडे निवाडा मागायला गेलो, तर त्यांनी तो देण्याऐवजी नवाच नियम घालून दिला: प्रत्येक उत्तराखाली ते कुठून कळले आणि कोणत्या तारखेला, हे लिहायचे, ज्या चिठ्ठीवर ते नसेल ती बाद. आमच्या अर्ध्या चिठ्ठ्या त्या दिवशी बाद झाल्या. बाईंचा मला तेव्हा रागच आला होता.

चिठ्ठ्यांचा भाव कसा ठरे, हे सांगितले पाहिजे. सर्वांत मोठा, सर्वांत उंच, सर्वांत वेगवान, असल्या प्रश्नांना दोन आठवड्यांतच काही किंमत उरली नाही, कारण निळा देवमासा, जिराफ आणि चित्ता ही उत्तरे पाचवीच्या मुलांनाही पाठ होती. भाव होता तो उत्तर देणारा ज्याविषयी पूर्णपणे निर्धास्त असे अशा प्रश्नांना. ‘वसंतात कोकिळा गाते की नाही?’ या चिठ्ठीवर मी सलग सहा वेळा जिंकलो. गाते, असे सगळे सांगत. वास्तविक ‘कुहू’ हा काळ्याभोर नराचा आवाज आहे, ठिपकेदार तपकिरी मादीच्या वाट्याला फक्त तीक्ष्ण ‘किक् किक्’ आला आहे. सुगरणीचेही तसेच. घरटे नर विणतो, अर्धे विणून झाले की मादी येऊन ते पाहून जाते आणि तिला पसंत पडले तरच तो ते पूर्ण करतो. नाव मात्र स्त्रीलिंगी राहिले. मराठीच्या सरांना आम्ही मुद्दाम गाठून हे दोन्ही प्रश्न घातले. सर हरले, पण निबंधात ‘कोकिळा गाते’ असेच लिहिले तर गुण कापणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

रविवारी उपवनापर्यंत सायकलने आणि पुढचा चढ सायकल ढकलत आम्ही येऊरच्या जंगलात जात असू. तिथल्या एका रस्त्यावर मेलेली घोणस दिसली आणि तिच्यावरून ‘अंडी न घालता थेट पिल्ले देणारे साप सांगा’ हा प्रश्न तयार झाला. घोणस, फुरसे आणि हरणटोळ ही उत्तरे मिळवायला मला दोन महिने लागले, कारण माझ्याकडचे एकमेव पुस्तक सापांची अंडी या विषयाच्या पुढे जात नव्हते. त्याच पुस्तकाच्या आधाराने मी ‘साप बहिरा असतो’ अशी चिठ्ठी केली होती. ती आजही डब्यात आहे, पुस्तकाच्या नावासह आणि तारखेसह, आणि ती चूक आहे. सापाला बाहेरचा कान नसतो हे खरे. पण जमिनीचे कंप त्याला जबड्याच्या हाडातून कळतात आणि हवेतून येणारे खालच्या पट्टीतले आवाजही तो टिपतो.

बाईंचा नियम मला कळला तो मात्र एका घुबडामुळे. आमच्यातला जो पक्षीवेडा होता, त्याची सर्वांत मौल्यवान चिठ्ठी अशी होती: ‘भारतातला कोणता पिंगळा १९१४ नंतर कोणीही पाहिलेला नाही?’ उत्तर वनपिंगळा, आधार मामाकडचा जाड इंग्रजी ग्रंथ, तारीख ८ फेब्रुवारी १९८६. ही चिठ्ठी त्याच्याकडून कोणीही जिंकू शकले नाही. शाळा सुटली, आम्ही पांगलो. १९९७च्या नोव्हेंबरमध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी वनपिंगळा दिसला, तोही भर दिवसा, निष्पर्ण झाडावर बसलेला. त्याहून मोठा धक्का पुढे होता. १९१४ची नोंद ज्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची, त्या रिचर्ड माइनर्ट्झहागेनने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. खरी शेवटची नोंद १८८४ची. म्हणजे आमच्या मित्राची चिठ्ठी ज्या ग्रंथावर विसंबली होती, तो ग्रंथ एका खोट्या चिठ्ठीवर विसंबला होता! आणि २०१४ साली हाच पक्षी तानसा अभयारण्यात, ठाण्याहून सकाळी निघून दुपारी जेवायला घरी परतता येईल इतक्या अंतरावर, सापडला.

आम्ही पाचांपैकी चौघे अजून ठाण्यात आणि ऐरोलीत आहोत आणि महिन्यातून एकदा तलावपाळीवर भेटतो. वये पन्नाशी ओलांडून गेली तरी देवघेव चालू आहे. चिठ्ठ्या आता हरवत नाहीत, दुरुस्त होतात. रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला कुठे जावे, याचे उत्तर १९८५च्या चिठ्ठीवर ‘कच्छ’ असे आहे. ते रोहित आता हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलात हजारोंनी उतरतात, २०१५ पासून खाडीचा मोठा भाग त्यांचे अभयारण्य आहे आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. त्याच पक्ष्यावर माझी आवडती नवी चिठ्ठी आहे: रोहिताचा गुडघा उलटा का वाकतो? तो गुडघा नसतोच, घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो.

सर्वांत लांबलेला वाद चित्त्याचा. ‘भारतात चित्ता आहे का?’ या चिठ्ठीवर ‘नाही, १९५२ साली नामशेष जाहीर’ असे उत्तर आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात आले तेव्हा मी ते खोडायला निघालो. पक्षीवेड्या मित्राने पेनच काढून घेतले. त्याचे म्हणणे असे, की आपल्याकडून गेला तो आशियाई चित्ता, जो आता फक्त इराणमध्ये उरला आहे. आले ते आफ्रिकी. तेव्हा मूळ उत्तर तसेच ठेवावे. दोन तास वाद झाला, शेंगदाण्यांच्या तीन पुड्या संपल्या. शेवटी जुने उत्तर न खोडता त्याखाली नवे लिहिले, दोन्हींना आपापली तारीख दिली. मला ही तडजोड अजूनही पटलेली नाही.

हा डबा यंदा शाळेच्या ग्रंथालयाला देत आहोत. सोबत दोनशे कोऱ्या चिठ्ठ्या आहेत. लग्नपत्रिका आता मोबाईलवर येतात, म्हणून साधे पुठ्ठे कापून आणले. देवघेवीच्या रिवाजाप्रमाणे पहिली चाल आमची, तेव्हा आजच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न इथेच ठेवतो. जिराफाची मान एवढी लांब असूनही तिच्यात माणसाइतकेच, म्हणजे ७ मणके असतात आणि जवळजवळ साऱ्या सस्तन प्राण्यांत हाच आकडा आढळतो. ज्यांच्या मानेत ७ मणके नसतात, असे सस्तन प्राणी कोणते?