कोरुयोनच्या उतारावरच्या वेली : मेन्थियाच्या अभ्यासाची नोंद

स्पेनच्या वाइनचा एकेक भाग घेऊन अभ्यास करते आहे, त्यात रिओहाचा मुक्काम आटोपून मी आता बिएर्थोत आले आहे. अर्थात बाटल्या, नकाशे आणि वाचन यांच्या वाटेनं. स्पेनचा वायव्य कोपरा, लेऑन प्रांताचं पश्चिम टोक, पलीकडे लगेच गालिसिया. चहूकडे डोंगर आणि मधे खोलगट खोरं. पोन्फेर्रादा हे इथलं मोठं शहर. सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची जुनी वाट याच खोऱ्यातून वियाफ्रांका देल बिएर्थोपर्यंत येते आणि तिथून पुढे डोंगर चढते. इथलं लाल वाइनचं द्राक्ष म्हणजे मेन्थिया. पोर्तुगालच्या दाओ भागात ज्याला जाएन म्हणतात ते हेच, हे डीएनए तपासणीतून सिद्ध झालेलं आहे.

या वेळी पद्धत बदलली. वेगवेगळ्या घराण्यांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या की फरक जाणवतो, पण तो जमिनीचा, वेलीचा की वाइन करणाऱ्याच्या हाताचा, ते काही सांगता येत नाही. म्हणून एकच वायनरी निवडली आणि तिच्याच वाइन खालून वर चाखत जायचं ठरवलं. द्राक्ष तेच, तळघर तेच, माणसं तीच. मग जो फरक उरेल तो बहुतांशी उताराचा आणि वेलींचा. वायनरी आहे वियाफ्रांकाजवळच्या कोरुयोन गावातली देसेन्दिएन्तेस दे जे. पालाथिओस.

नावातले 'जे.' म्हणजे होसे पालाथिओस, रिओहातल्या आल्फारो गावचे वाइनवाले. त्यांचा मुलगा आल्वारो फ्रान्समधल्या बोर्दोत शिकला, तिथल्या पेत्र्यूस या नामांकित वायनरीत काम केलं आणि 1989 साली घरच्या वायनरीत न थांबता कातालोनियातल्या प्रिओरात भागात, ग्रातायोप्स गावी गेला. तिथल्या ओसाड पडत चाललेल्या चढांवरच्या गार्नाचा या लाल द्राक्षाच्या जुन्या वेलींतून त्यानं 1993 पासून लेर्मिता ही वाइन काढली आणि साऱ्या जगाचं लक्ष त्या डोंगरांकडे गेलं. त्याचा भाचा रिकार्दो पेरेथ पालाथिओस हाही बोर्दोत शिकलेला. मामा-भाच्यांनी 1999 साली बिएर्थोत काम सुरू केलं आणि घराण्याच्या वडीलधाऱ्यांचं नाव त्याला दिलं.

मला या कामातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती त्यांनी कुठे पाहिलं ही. बिएर्थोला उगमदर्शक दर्जा, म्हणजे भागाचं नाव बाटलीवर लावण्याची अधिकृत मान्यता, 1989 सालीच मिळाला होता. पण तोवर मेन्थिया म्हणजे खोऱ्याच्या सपाटीवरच्या सुपीक जमिनीत भरघोस पिकणारं द्राक्ष आणि त्याची त्याच वर्षी पिऊन टाकायची हलकी, सोपी वाइन, असाच सर्वांचा समज. वरच्या उतारांवर जुन्या वेली होत्या. त्यांचे मालक म्हातारे झालेले, मुलं शहरांत गेलेली, वाटण्या होत होत जमिनीचे एवढाले तुकडे उरलेले. चढ इतका की ट्रॅक्टर उभा राहत नाही. युरोपात वेली उपटून टाकण्यासाठी पैसे देणाऱ्या सरकारी योजना एकदा 1988 पासून आणि पुन्हा 2008 पासून राबवल्या गेल्या, हे लक्षात घेतलं तर या वेली राहिल्या हेच नवल. मामा-भाच्यांनी नेमके हेच उतार निवडले, एकेक तुकडा गोळा केला आणि जिथे यंत्र जात नाही तिथे जनावरांकडून नांगरट सुरू केली. शेती जैवगतिक (बायोडायनॅमिक) पद्धतीची, म्हणजे रासायनिक खतं-औषधं टाळणारी. 'आधुनिक वायनरी' म्हटलं की आपल्यासमोर स्टीलच्या चकचकीत टाक्या येतात. मला मात्र आधुनिकपणा दिसतो तो या निर्णयात: ज्या जमिनीला शेजारीपाजारी निरुपयोगी म्हणत होते, तिच्या एकेका तुकड्याची वेगळी वाइन करून पाहायची.

आता जमीन. कोरुयोनच्या उतारांवर पाटीचा दगड आहे. आपण शाळेत ज्यावर पेन्सिलीनं लिहायचो तोच, पापुद्र्यांचा. माती पातळ, पाणी धरून ठेवणारा थर जवळपास नाहीच, त्यामुळे मुळांना दगडाच्या फटींतून खोल जावं लागतं. हवामान दोन बाजूंनी ओढलेलं: अटलांटिकचा ओलावा गालिसियाच्या डोंगरांवरून थोडाफार इकडे झिरपतो, आणि पलीकडून कास्तियाच्या पठाराचा कोरडा उन्हाळा. मेन्थियाची एक अडचण आहे. ती लवकर पिकते, आणि पिकता पिकता तिची आम्लता झरझर उतरते. तोडणीला चार दिवस उशीर झाला तर वाइन सपक. उंचीवरच्या थंड रात्री हे पिकणं लांबवतात आणि आम्लता टिकते. सपाटीवरच्या मेन्थियावरून या द्राक्षाला कमी लेखलं गेलं, पण दोष जागेचा होता असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदार काकांना मी या वेलींचे फोटो दाखवले. त्यांनी फोनवर बोटांनी फोटो मोठा करून आधी तारा आणि तारेवर आडवी वाढवलेली फांदी, म्हणजे ओलांडा, शोधला.

"तारा नाहीत, मांडव नाही. ओलांडाच दिसत नाही गं कुठे!"

"नाही काका. खोड गुडघ्याएवढं, त्यावरून तीन-चार फाटे, आणि त्यांवरच काड्या. आधाराला काहीच नाही."

"आणि वय काय म्हणालीस?"

साठ, ऐंशी, काही शंभराच्या आसपास, असं सांगितल्यावर ते बराच वेळ फोटोच पाहत राहिले. त्यांच्या भागात बाग पंधराएक वर्षांची झाली की उत्पादन उतरतं, मग काढून नवी लावायची. कारणही त्यांनीच सांगितलं: आपल्याकडे वेलीला झोप नाही. एप्रिलची खरड छाटणी, मग ऑक्टोबरच्या सुमाराची गोड छाटणी, वर्षातून दोनदा वेलीला फुटायला लावायचं. बिएर्थोत हिवाळ्यात पानं गळतात, वेल थंडीभर निजते, छाटणी एकदाच, तोडणी एकदाच. शिवाय या जुन्या वेलींकडून फार घड मागतच नाहीत. काकांनी एक प्रश्न विचारला तो मला कोणत्याही लेखात सापडला नव्हता: "मेलेल्या वेलीच्या जागी काय लावतात?" जुन्या बागेत खाडे पडतच राहतात, तिथे शेजारच्याच जुन्या वेलीची काडी घेऊन लावणं ही युरोपात चांगली रीत मानली जाते. म्हणजे एका बागेत एकच वय नसतं. हा मुद्दा मी आता प्रत्येक वायनरीबद्दल वाचताना शोधते.

तसं एक जातही नसते. जुन्या लोकांनी मेन्थियामध्येच अलिकांत बुशे लावली, जिचा गरसुद्धा लाल असतो आणि रंगाला कामी येते. जोडीला पालोमिनो, दोन्या ब्लांका, गोदेयो अशी पांढरी द्राक्षंही. सगळं एकत्र तोडायचं, एकत्र आंबवायचं. कोरुयोनच्या बाटलीत मेन्थिया जवळजवळ सगळी असली तरी या मिसळणीचा अंश असतोच.

वयाबद्दल थोडं खोलात गेले. 'जुनी वेल' म्हणजे किती जुनी? ऑस्ट्रेलियातल्या बरोसानं 2009 मध्ये स्वतःची पायरी ठरवली: 35 वर्षांपुढे जुनी, 70 पुढे, 100 पुढे आणि 125 पुढे आणखी वरचे दर्जे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेनं 2024 मध्ये 35 वर्षांचाच आकडा धरला. पण स्पॅनिश बाटलीवर 'विन्यास विएखास', म्हणजे 'जुन्या वेली', छापलेलं असलं तरी त्यातून वेलीचं खरं वय कळत नाही, ते वायनरीच्याच माहितीत शोधावं लागतं. आणि बिएर्थोच्या बहुतेक शतायुषी वेली फिलॉक्सेरा किडीनं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या बागा मारल्यानंतर अमेरिकी खुंटावर कलम करून लावलेल्या आहेत. डॉगरीज खुंटावर बाग उभी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

वय वाढलं की वेलीचा जोर ओसरतो, घड कमी आणि लहान येतात, जाड खोडात साठा असतो, खोल मुळांमुळे एखाद्या कोरड्या वर्षात ती लगेच कोमेजत नाही. हे सगळं खरं. तरीही जुनी म्हणून चांगली हे सूत्र मला आता पुरत नाही. ज्या वेली सामान्य वाइन देत होत्या त्या केव्हाच उपटल्या गेल्या. जिथे फळ खरंच चांगलं येत होतं तिथल्या वेली कुणीतरी राखल्या. काही निव्वळ चढ अवघड म्हणून वाचल्या. म्हणजे शंभर वर्षांची वेल प्याल्यात उतरते तेव्हा तिच्याबरोबर ती जागा आणि तिला न उपटणारी माणसंही येतात. वय यातून वेगळं काढून चाखता येत नाही.

आता प्रत्यक्ष चाखणं. पहिली पायरी पेतालोस. ही कोरुयोनपुरती नाही, बिएर्थोतल्या अनेक गावांच्या जुन्या वेलींची द्राक्षं यात असतात. एप्रिलच्या पुण्यात खोलीच्या तापमानाला लाल वाइन द्यायची हा सल्ला विसरायचा. फ्रिजमधून काढून प्याल्यात पंधरा-सोळा अंशांपर्यंत येऊ दिली. रंग गर्द जांभळा. पहिल्याच वासाला करवंद, फुलांचा गंध आणि मागून मिरी. घोट मऊ, टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) बारीक. बाटली झाकून फ्रिजमध्ये ठेवली आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा घेतली तेव्हा फळ थोडं मागे सरलं होतं, एक पाल्याचा ओलसर कडवटपणा पुढे आला होता. मला तो आवडला. आमच्या चाखणाऱ्यांच्या गटातल्या दोघांना नाही आवडला, आणि त्यावर आमची चर्चा रंगली.

दुसरी पायरी कोरुयोन, म्हणजे गावाच्या नावाची वाइन, फक्त इथल्या उतारांवरची. हिला ओतल्या ओतल्या नाकाशी धरून विशेष काही मिळालं नाही. पेतालोसपेक्षा गप्प. तासाभरानं उघडली. वास जास्त तीव्र नव्हता, पण घोट गिळल्यावर जे मागे राहिलं ते पेतालोसच्या कितीतरी पुढे गेलं. जिभेच्या मधोमध जी पोकळी बऱ्याच मेन्थियात जाणवते ती इथे नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वजन सारखं. त्यात एक खारट, दगडी कोरडेपणा. तो पाटीच्या दगडातून थेट येतो असं मी म्हणणार नाही, खनिजं मुळांवाटे वर येऊन चवीला लागतात ही कल्पना भूशास्त्रज्ञांना मान्य नाही. पण उथळ माती, मोजकं पाणी आणि टिकलेली आम्लता यांचा हा परिणाम असावा असं मला वाटतं. काही प्रमाणात देठासकट घड आंबवले जातात, त्याचाही मिरीच्या चवीत वाटा असणार.

या टप्प्यावरची माझी प्रगती इथे नोंदवते. वासाच्या जोरावर वाइन जोखायची सवय सुटू लागली आहे. जुन्या वेलींच्या वाइनमध्ये मी आधी दाटपणा शोधायचे. आता लांबी, म्हणजे गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते, आणि सलगपणा शोधते. गटात बाटल्या झाकून चाखल्या तेव्हा या दोन खुणांवर कोरुयोन बरोबर ओळखता आली. रंगावर नाही, वासावर नाही.

वरच्या पायऱ्या अजून बाकी आहेत. बिएर्थोनं 2017 मध्ये गाव, शिवार, वर्गीकृत मळा आणि त्याहून वरचा मोठा मळा अशी उतरंड मान्य करून घेतली. आल्वारो पालाथिओसनं प्रिओरातमध्ये आणि स्पेनभर याचाच आग्रह धरला होता. कोरुयोनच्या वर या वायनरीच्या एकेका मळ्याच्या वाइन आहेत. मोन्थेर्बाल, जिथे पाटीच्या दगडात चुनखडीचे थर आहेत आणि जिची ख्याती सडसडीत, ताज्या वाइनसाठी आहे. लास लामास, दक्षिणेकडे तोंड केलेला, जास्त चिकणमातीचा, भरदार. आणि सर्वांत उंचावरचा ला फाराओना, आकार अर्ध्या हेक्टरच्या आसपास, म्हणजे सव्वा एकर, त्यातून मोजकीच पिंपं. फाराओनाची किंमत आपल्या आवाक्यातली नाही, त्यावर वेळ घालवत नाही.

वायनरीच्या इमारतीविषयी एवढंच: ती राफाएल मोनेओ यांनी आखली आहे. वास्तुकलेच्या प्रित्झ्कर पुरस्काराचे 1996 चे विजेते, मेरिदाचं रोमन कलेचं संग्रहालय त्यांचंच. कोरुयोनमध्ये त्यांनी डोंगरउतारातच बांधकाम बसवलं आहे. रोमन म्हटल्यावर आठवलं, याच खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला लास मेदुलासची रोमन काळातली सोन्याची खाण आहे, पाण्याच्या लोंढ्यानं डोंगर फोडून सोनं काढलेली. 1997 पासून जागतिक वारसा. कुणी तिकडे जाणार असेल तर एका दिवसात दोन्ही होतं.

पुढचा टप्पा मुद्दाम विरुद्ध दिशेचा ठेवला आहे. बिएर्थोतच वाल्तुइये दे आबाखो गावी राउल पेरेथ हा वाइन करणारा काम करतो. त्याच्या बऱ्याच वेली जुन्या आहेत, पण जमीन खालची, चिकणमाती आणि वाळूची. पाटीचा दगड नाही. त्याची उल्त्रेया मालिकेतली मेन्थिया कोरुयोनशेजारी ठेवायची आहे. तिथेही तीच लांबी मिळाली तर उताराचं श्रेय मला कमी करावं लागेल आणि वेलींचं वाढवावं लागेल. उल्त्रेयाची बाटली माद्रिदहून परतणाऱ्या एका मैत्रिणीच्या करमुक्त दारूच्या दोन लिटरच्या मुभेत बसते आहे, कोरुयोनची एक शिल्लक आहे. मोन्थेर्बाल आणि लास लामास कुणाकडे असतील तर खर्च वाटून एकत्र उघडू. दोन्ही एकाच वर्षाच्या हव्यात, नाहीतर मळ्याचा फरक आणि हवामानाचा फरक एकमेकांत मिसळून जाईल.