आधी लोकवर्गणी, मग जागतिक बँक

नळयोजनेला जागतिक बँक पैसे देणार म्हटल्यावर आमच्या गावात पहिली चर्चा झाली ती सातबाऱ्याची. बँक म्हटलं की बोजा आणि बोजा म्हटलं की जप्ती. सोसायटीच्या कर्जानं पोळलेल्या माणसांना दुसरं काय सुचणार? जिल्हा परिषदेतून आलेल्या साहेबांनी समजावलं, की कर्ज शासनानं घेतलंय, शासनच फेडणार, तुमच्या जमिनीला हात लागत नाही. तरी पारावर ‘अमेरिका आपली विहीर नेणार’ हे बरेच दिवस चालू होतं.

हा प्रकल्प जलस्वराज्य. 2003 ते 2009 या काळात राज्यातल्या 26 जिल्ह्यांत तो राबवला गेला. बँकेचं कर्ज 18 कोटी 10 लाख डॉलरचं. त्याआधी योजना वरून यायची. ठेकेदार बांधून जायचा, चावी ग्रामपंचायतीकडे यायची आणि मोटर जळाली की टाकी कावळ्यांची. 2000 साली राज्यानं धोरण बदललं. जे गाव मागेल त्याला योजना, पण खर्चाच्या 10 टक्के लोकवर्गणी गावानं द्यायची, आदिवासी गावांनी 5 टक्के. खरेदी, काम, हिशेब सगळं गावाच्या समितीनं करायचं.

पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या बायका हव्यात असा नियम होता, म्हणून बारावी झालेली सून या नात्यानं माझं नाव घातलं. चुलतसासरे म्हणाले, “तू सह्या तेवढ्या कर, बाकीचं आम्ही बघतो.” पण चेकवर अध्यक्षांच्या जोडीला सही माझी होती. बिल वाचल्याशिवाय मी सही करत नव्हते, आणि बिल वाचलं की प्रश्न पडायचेच. त्यामुळे ‘आम्ही बघतो’ फार दिवस टिकलं नाही.

सगळ्यात जड गेली ती वर्गणी. आमच्या माणदेशात पैसा हातात कधी असतो हे ज्याला कळलं त्यालाच ती गोळा करता येते. निम्मा गाव ऊसतोडीला जातो. मुकादमाकडून उचल मिळते त्या चार दिवसांत दार वाजवलं तर पावती फाटते. त्यानंतर घराला कुलूप आणि उन्हाळ्यापर्यंत वाट बघा. आम्ही बायका वही आणि पावतीपुस्तक घेऊन नेमक्या त्या दिवसांत फिरलो. ज्यांच्याकडे रोख नव्हती त्यांची वर्गणी पुढे चर खोदायच्या मजुरीतून वळती केली.

मध्येच गावातल्या एका वजनदार माणसानं सगळी वर्गणी एकहाती भरतो म्हणून सांगितलं. निम्मी समिती हुरळली. सोबतीला दिलेल्या संस्थेच्या ताईंनी मात्र घरनिहाय यादीशिवाय पुढचा कागद हलणार नाही असं स्पष्ट सांगितलं. तेव्हा राग आला होता. पण एकानं पैसे भरले असते तर व्हॉल्व्ह कोणाच्या गल्लीत आधी उघडला असता, हे सांगायला ज्योतिषी नको.

आराखड्यात माणशी रोज 40 लिटर पाणी धरलेलं. महिलांची ग्रामसभा वेगळी आणि आधी घ्यायची होती. पुरुषांनी नकाशावर पाइप चावडीपासून सुरू केला होता. बायकांनी आधी मळ्यातली वस्ती घ्यायला लावली, कारण तिथून हंडा सगळ्यात लांब जायचा. उद्भव विहिरीची, म्हणजे योजनेचं पाणी जिथून उचलायचं त्या विहिरीची, जागा भूजल खात्याच्या माणसांनी ठरवली. ती ज्याच्या रानात पडली त्याचं बक्षीसपत्र मिळेपर्यंत त्याच्या दारात इतका चहा झाला, की त्याची बायको म्हणाली, आता साखर तरी घेऊन या.

मग खरेदी. तीन सीलबंद दरपत्रकं, सगळ्यांसमोर उघडायची, तुलनात्मक तक्ता करायचा, ठराव लिहायचा. बँकेचे नियम म्हणून लोक नाक मुरडायचे. मला ते पटले, कारण तक्ता भिंतीवर लावला की कुजबुज बंद व्हायची. एका पुरवठादाराचा ट्रक संध्याकाळी आला, अंधार पडायच्या बेतानं. आम्ही बॅटरी लावून एकेक पाइप उलटापालटा करून पाहिला. वरच्या थरावर आयएसआयचा शिक्का, दाबाचा आकडा, सगळं ठीक. खालच्या थरातल्या पाइपांवर आकडा कमी, आणि बोटानं दाबलं तर तोंड हलत होतं. ड्रायव्हर म्हणाला, “मातीतच जाणार आहे ना, वहिनी.” तेवढा माल आम्ही उतरवूनच घेतला नाही. चराची खोली मोजायला आम्ही एका काठीवर खुणा केल्या होत्या. ती घेऊन आमच्यातली एक आजी रोज फेरी मारायची, आणि ठेकेदाराची माणसं इंजिनिअरपेक्षा तिलाच जास्त भ्यायची.

सामाजिक लेखापरीक्षण समिती वेगळी होती, आमच्यावर नजर ठेवायला. ग्रामसभेत प्रत्येक बिल मोठ्यानं वाचायचं. पाइप, सिमेंट, मोटर यांच्या लाखाच्या आकड्यांवर सभा गप्प, आणि भज्यांच्या बिलावर अर्धा तास वाद. हसू येतं, पण लोकांना जो भाव ठाऊक असतो तिथंच ते पकडतात. म्हणून पुढच्या सभेला मी पाइपांचे बाजारभाव फळ्यावर लिहून ठेवले, आणि मग त्याही बिलांवर प्रश्न यायला लागले. पुढचा हप्ता अशा सभांचे ठराव जोडल्यावरच मिळायचा.

हागणदारीमुक्ती हीही अट होतीच. पहाटे गुड मॉर्निंग पथक, शिट्ट्या, भांडणं, त्यावर न बोललेलं बरं. शिट्टीनं माणूस लाजतो, पण संडासात जातो तो घरात पाणी आल्यावर, असं माझं मत.

पाणी आलं आणि महिन्याभरात गल्ल्यांचा चिखल झाला. पूर्वी दोन हंड्यांत भागवणारं घर आता मोरीतून चार हंडे सोडत होतं. सगळ्यांचं लक्ष पाणी आणण्यावर होतं, बाहेर जाणाऱ्या पाण्याला आराखड्यात जेमतेम जागा. मोठ्या गटाराला पैसा नव्हता आणि उतारही नव्हता. शेवटी घरटी शोषखड्डे केले. मीटरभर खोल खड्डा, खाली मोठे दगड, वर बारीक, मध्ये भोकं पाडलेलं मडकं. मुरमाड भागात ते झकास चालतात. काळ्या मातीच्या गल्लीत पावसाळ्यात भरून वर येतात. त्या गल्लीचं सांडपाणी आम्ही पाइपानं शाळेच्या परसबागेकडे वळवलं.

2014 पासून बँकेनं जलस्वराज्यचा दुसरा टप्पा दिला, 16 कोटी 50 लाख डॉलरचा. त्यात शहरालगतची वाढलेली गावं घेतली, आणि आधी निकाल दाखवा, मग पैसे, अशी रीत ठेवली. आमचं गाव त्या योजनेचं नव्हतं. आमच्याकडे आता प्रश्न वीजबिलाचा. पाणीपट्टी वाढवायचा ठराव दर वर्षी येतो, दर वर्षी भांडण होतं, आणि थकबाकीदारांची यादी वाचायचं काम अजून माझ्याकडेच आहे. पहिल्या पाचांत चुलतसासऱ्यांचं नाव असतं.